शेवट माहीत असलेली पुस्तकं

२००४ ते २०१७ या तेरा वर्षांत मी एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही. घरात पुस्तकं नव्हती असं नाही. दरवर्षी चार दिवाळी अंक यायचे. त्यातलं राशिभविष्य आणि व्यंगचित्रं तेवढी पाहून व्हायची, मग ते फ्रिजवर जाऊन बसायचे आणि होळीच्या सुमारास रद्दीत जायचे. शाळेत असताना मिरजेच्या वाचनालयात एका दिवसात दोनदा पुस्तक बदलायला गेले म्हणून ग्रंथपालांची बोलणी खाल्लेली मी, आणि डोंबिवलीच्या कपाटात लग्नात आहेर म्हणून आलेली पुस्तकं वरच्या चमकत्या कागदासकट तशीच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वेळच मिळत नाही गं." खोटं होतं ते. लोकलमध्ये रोज अडीच तास जायचे आणि ते मोबाइल खायचा.

२०१७च्या पावसाळ्यात जिन्यावरून पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. भाच्याने टीव्हीला त्याचं हॉटस्टार जोडून दिलं आणि म्हणाला, "मावशी, गेम ऑफ थ्रोन्स बघ. पण मी दाखवलं म्हणून आईला सांगू नकोस." सहा सीझनचे साठ भाग, वर तेव्हा चालू असलेला सातवा सीझन. प्लास्टर निघालं त्या दिवशी बघायला काही उरलं नव्हतं. मग मी पुस्तकाकडे गेले. त्यानंतर जे जे कळलं ते क्रमांक घालून लिहिते. आमच्या अकाउंट्स खात्यात काहीही लिहायचं झालं की आधी अनुक्रमांक पडतो, ती सवय जात नाही.

१. शेवट आधी कळला तर काही बिघडत नाही.

हल्ली गोष्टीचा शेवट कुणी बोलून टाकला की लोक महिना महिना अबोला धरतात. माझा अनुभव उलटा आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ साली आलं. आठशे पानं, बारीक टाइप, शिवाय इंग्रजी. माझं इंग्रजी वाचन म्हणजे ऑडिटरची पत्रं. पहिल्या पन्नास पानांत इतकी घराणी, इतकी झेंड्यांवरची जनावरं आणि इतके काका-पुतणे येतात की मालिका पाहिलेली नसती तर मी तिथेच पाटी टाकली असती. पण कोण कोणाचं हे मला ठाऊक होतं. कोण मरणार हेही. त्यामुळे पुढे काय होणार याची घाईच नव्हती. अडलेला शब्द सोडून दिला तरी वाट चुकत नव्हती. डोंबिवली ते सीएसएमटी दहा पानं, येताना बसायला मिळालं तर आणखी आठ.

मग एक दिवस मुलुंड-भांडुपच्या दरम्यान लक्षात आलं, यात नवं काय आहे? आपण असंच तर ऐकत-वाचत आलो. कीर्तनाला बसलेल्या बायकांना सीता सापडणार की नाही याची धाकधूक असते का? 'मृत्युंजय' १९६७ साली आली, तेव्हापासून कर्णाचं काय होणार हे ठाऊक नसलेला मराठी वाचक तिला क्वचितच मिळाला असेल. 'ययाति'चं तेच. गोष्ट माहीत असते, बुवा ती आज कशी लावतात हे ऐकायला माणूस मांडी ठोकून बसतो. मला कुणी हे आधी सांगितलं असतं, तर तेरा वर्षांतली निदान चार वाचली असती.

२. चेहरे पडद्यावरचे घ्यावेत, वयं मात्र पुस्तकातली.

चेहऱ्यांवरून मी वाद घालत नाही. नेड स्टार्क म्हटलं की शॉन बीन आणि टिरियन म्हटलं की पीटर डिंकलेज. ते आता डोळ्यांपुढून हलत नाहीत. पुस्तकातल्या टिरियनचं नाक लढाईत कापलं जातं आणि मालिकेत नुसता व्रण राहतो, तरीही नाही. एवढं फुकट मिळालेलं नाकारू नये.

वयाची गोष्ट वेगळी. मालिकेत मुलांची वयं वाढवून घेतली आहेत. पुस्तक सुरू होतं तेव्हा ब्रॅन सात वर्षांचा आहे, आर्या नऊ, सान्सा अकरा, डेनेरिस तेरा, रॉब आणि जॉन चौदा. मालिका बघताना मला सान्साचा भयंकर वैताग यायचा. सारखं राजपुत्र, लग्न आणि लिंबाचे केक. पुस्तकात ती अकराची आहे हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी कंपासपेटी उशाशी घेऊन झोपली होती, कारण दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर. पुस्तकातली सान्सा, बाबा आपल्याला घरी परत पाठवतायत ही तक्रार घेऊन विश्वासाने राणीकडे जाते. त्या तक्रारीने बापाचा, नेडचा, घात होतो. पोरीने हट्ट केला एवढंच खरं तर. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पंख्याकडे बघत पडले. मालिकेत या जागी मी सान्साला शिव्या घालत चहा घेतला होता.

पुढे टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलं तेव्हाही हेच. चित्रपटात म्हाताऱ्या बिल्बोचा वाढदिवस होतो आणि फ्रोडो थोड्याच दिवसांत अंगठी घेऊन निघतो असं वाटतं. पुस्तकात मध्ये सतरा वर्षं जातात. घर सोडतो तेव्हा फ्रोडो पन्नास वर्षांचा आहे! चित्रीकरण सुरू झालं तेव्हा एलायजा वुड होता अठराचा. हॉबिट तेहतिसाव्या वर्षी सज्ञान होतात, त्यामुळे त्यांची पन्नाशी आपल्या पन्नाशीसारखी नसेल, कबूल. तरी चाळिशी ओलांडलेल्या आणि घोट्यात स्क्रू असलेल्या बाईला तो आकडा वाचून किती बरं वाटलं ते कसं सांगू.

३. फुटपाथवरून पुस्तक घेतलं तर फर्मे तपासून घ्यावेत.

माझं 'गेम ऑफ थ्रोन्स' फोर्टातल्या फुटपाथवरचं, प्लॅस्टिकमध्ये बंद, घासाघीस करून अडीचशे रुपयांना. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसायची, आणि मुखपृष्ठावर लेखकाचं आडनाव किंचित वाकडं. तिथेच शंका यायला हवी होती. सातशेच्या पुढे कुठेतरी एक फर्मा दोनदा बांधलेला निघाला आणि त्याच्या पुढचा गायब. सलग बत्तीस पानं नाहीत.

मी काय केलं? शांतपणे पुढे गेले. तिथे काय घडतं ते माहीतच होतं: भर चौकात नेडचं डोकं उडवतात. बघून झालेलं होतं. पहिल्या क्रमांकात जी बढाई मारली, तिची ही दुसरी बाजू.

सहा-सात महिन्यांनी भाच्याच्या मित्राकडची चांगली प्रत हाती आली, तेव्हा सहज म्हणून ती पानं काढली. मालिकेत आपण तो सगळा प्रसंग बघतो. तलवार, जल्लाद, नेडची मान. पुस्तकात तो प्रसंग नेडच्या धाकट्या मुलीच्या, आर्याच्या प्रकरणात आहे. मार्टिन प्रत्येक प्रकरणाला एकेका पात्राचं नाव देतात आणि त्या प्रकरणात त्या पात्राला दिसेल, कळेल तेवढंच आपल्याला. नऊ वर्षांची पोर, कित्येक दिवस गल्ल्यांमधून कबुतरं मारून पोट भरतेय, घंटा ऐकून गर्दीबरोबर धावत येते, पुतळ्यावर चढून बघते. बाप खोटा कबुलीजबाब देतो. ती खाली उडी टाकून गर्दीत घुसते, आणि एक म्हातारा तिला धरून दाबून ठेवतो. तलवार पडताना ती बघत नाही. म्हणून आपणही नाही. गर्दीचा आवाज येतो तेवढाच.

बघून झालेलं होतं म्हणे!

४. लाज वाटली तरी वाचावं.

डब्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये एकीने मुखपृष्ठ बघून विचारलं, "हे राक्षस-बिक्षसचं ना? तू वाचतेस?" 'तू'वर जोर. आपल्याकडे जादू, ड्रॅगन आणि शापित राजवाडे ही मुलांची किंवा फार तर कॉलेजच्या पोरांची गोष्ट. मोठ्या माणसाने चरित्र वाचावं, नाहीतर गुंतवणुकीचं काहीतरी. गंमत म्हणजे हीच आमची पिढी १९९४ साली रविवारी सकाळी आंघोळीआधी दूरदर्शनवरच्या 'चंद्रकांता'पुढे बसायची, आणि क्रूरसिंहाच्या त्या लांबच लांब भुवया आणि त्याचं "यक्कू" वाड्यातली सगळी पोरं दिवसभर करायची.

देवकीनंदन खत्रींची मूळ हिंदी कादंबरी मी पंचवीस वर्षांनी वाचली. १८८८ची. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, त्यामुळे त्या डोंगरदऱ्या, पडके किल्ले आणि भुयारं त्यांच्या पायाखालची होती. ते वाचताना जाणवतं. मालिकेपेक्षा जादू पुष्कळ कमी. अय्यार म्हणजे वेषांतर, बेशुद्धीची पूड, दोरी आणि डोकं. तिलिस्मातल्या बऱ्याच अजब गोष्टींमागे कळ आणि यंत्र निघतं. मला तर ती गुप्तहेरकथेची आजी वाटली. ग्रुपमधल्या त्याच बाईला नेऊन दिली. तिने दोन आठवड्यांनी पुढचे भाग मागितले. 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग आहेत हे कळल्यावर मात्र गप्प बसली.

५. आधी पुस्तक की आधी सिनेमा, यावर सासरच्या मंडळींशी वाद घालू नये.

जेवण थंड होतं.

६. जे गाळलं असेल ते आधी शोधावं.

ही सवय मुलीमुळे लागली. 'हॅरी पॉटर'चे आठही चित्रपट तिला तोंडपाठ. पुस्तकं जाड म्हणून हात लावत नव्हती. मी तिला एवढंच सांगितलं की शाळेत पीव्ह्ज नावाचं एक भयानक खोडकर भूत आहे आणि ते चित्रपटांत कुठेच नाही. झालं. पाचवं पुस्तक मालिकेतलं सगळ्यांत जाडजूड आणि पाचवा चित्रपट आठांतला जवळजवळ सगळ्यांत छोटा, म्हणजे तिथे किती काय राहून गेलं असेल याचा हिशेब तिने स्वतःच मांडला. शेवटी अकाउंटंटची मुलगी.

माझ्यासाठी हे घडलं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये. पीटर जॅक्सनच्या तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले, आणि मिळायलाच हवेत असा तो आहे. त्याच्या शेवटी चारही हॉबिट आपल्या शायरमध्ये परततात. गाव जसंच्या तसं. ते पिठ्यात जाऊन बसतात, एकमेकांकडे बघतात. आपल्या डोळ्यांत पाणी येतं, आपण उठून दिवे लावतो.

पुस्तकात हे असं नाही. मी ते मराठीत वाचलं, मुग्धा कर्णिक यांनी केलेल्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादात. जग वाचवून ही चौघं गावच्या वेशीशी येतात तर फाटक बंद. भिंतीवर नियमांची यादी. रस्त्याकडेची झाडं तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी, ओढ्याचं पाणी नासलेलं. आणि ज्या झाडाखाली बिल्बोच्या वाढदिवसाची पंगत बसली होती, ते आडवं पडलेलं. इतक्या लढाया बघून आलेला सॅम ते बघून रडतो.

मी मिरजेला माहेरी गेले होते तेव्हा हे प्रकरण वाचत होते. आमच्या वाड्याच्या मागे रायवळ आंबा होता, लोणच्याचा. रस्तारुंदीत गेला. तिथे आता पेव्हर ब्लॉक आहेत, आणि दुपारी चटका बसतो म्हणून तिथून कुणी चपलेशिवाय जात नाही. आईला वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाली, "कुठला आहे गं लेखक?" मी म्हटलं, इंग्लंडचा, ऑक्सफर्डला प्रोफेसर होता, पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत होता. ती म्हणाली, "ते असेल. पण त्याचंही झाड तोडलं असणार." टॉल्किननी प्रस्तावनेत लिहून ठेवलंय: लहानपणी ते राहत होते तो परिसर त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच उजाड होऊ लागला होता. आईने प्रस्तावना वाचली नव्हती.

७. चुकीचं पुस्तक मिळालं तर तेच वाचून टाकावं.

२०१८ साली 'तुंबाड' बघितला. हस्तर, कणकेच्या बाहुल्या, साखळीने बांधलेली ती आजी. दुसऱ्याच दिवशी वाचनालयात जाऊन (हो, तोवर मी पुन्हा वर्गणी भरली होती) 'तुंबाडचे खोत' मागितलं. श्री. ना. पेंडसे यांचे दोन जाडजूड खंड पुढ्यात आले. सत्तर-ऐंशी पानं झाली तरी हस्तरचा पत्ता नाही. चौकशी केल्यावर कळलं, सिनेमाने पेंडशांकडून घेतलं ते गावाचं नाव. भीतीची मूळ वात नारायण धारपांच्या 'आजी' या कथेची. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "या महिन्यात हे मागणाऱ्या तुम्ही पाचव्या. चौघांनी परत आणून दिलं."

मी नाही दिलं. जगबुडीच्या काठावरच्या खोतांच्या चार पिढ्या, त्यांची हाव, त्यांचा माज, वाड्याची होत जाणारी पडझड. भूत नाही, पण सिनेमातल्या विहिरीत जे होतं तेच इथे माजघरात. धारप नंतर वाचले. रात्री नाही.

८. रूपांतर फसलं तर त्याचा राग पुस्तकावर काढू नये.

अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८चं. नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, त्या द्वीपांवरची बहुतेक माणसं सावळी किंवा काळी. २००४ मध्ये अमेरिकेत त्यावर टीव्हीमालिका झाली, तिच्यात गेड गोरा. ले ग्विननी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. मी ती मालिका अर्ध्यावर सोडली, आणि पुस्तकही केवळ तिच्यामुळे दोन वर्षं लांबवलं. मूर्खपणा. जेमतेम दोनशे पानांचं पुस्तक आहे. त्यात प्रत्येक माणसाचं एक खरं नाव असतं, आणि ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं, कारण ज्याला नाव कळलं त्याच्या हाती तुम्ही गेलात. उखाण्याआड नवऱ्याचं नाव लपवणाऱ्या आज्यांच्या नातीला हे समजावून सांगावं लागत नाही. जाड पुस्तकांचा धसका असेल त्यांनी इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. माझ्यासारखी मार्टिनपासून करू नये.

९. मालिका पुस्तकाच्या पुढे गेली तर मागे फिरावं.

मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली आला. सहाव्याची वाट सगळे बघतायत. २०१६ पासून मालिका पुस्तकांना मागे टाकून पुढे गेली आणि २०१९ मध्ये ७३व्या भागावर संपलीही. शेवटच्या सीझनवर लोक किती चिडले ते आठवत असेल. मीही चिडले. पण माझ्या हातात तेव्हा चौथा खंड होता, 'अ फीस्ट फॉर क्रोज', ज्याला बरेच वाचक कंटाळवाणा म्हणतात. त्यात लढाया जवळजवळ नाहीत, लढाया होऊन गेल्यावरचा मुलूख आहे.

त्यात एक अनवाणी फिरणारा भिक्षू आहे, मेरिबाल्ड. बरोबर गाढव आणि कुत्रा. गावोगावच्या पोरासोरांना वाटायला पिशवीत संत्री. तो वाटेत ब्रिएन नावाच्या लढवय्या बाईला सांगतो, मोडलेली माणसं म्हणजे कोण. शेतावरची पोरं सरदाराच्या मागून गाणी म्हणत लढाईला निघतात, पायांत धड जोडे नाहीत, हातात घरचाच कोयता. मग भूक, हगवण, शेजारच्या घरातल्या पोराचा मुडदा. एक दिवस त्यातला एखादा मोडतो आणि रानात पळतो, आणि मग आपण त्याला दरोडेखोर म्हणतो. दीड-दोन पानांचं बोलणं आहे. मालिकेत 'मोडलेला माणूस' याच नावाचा एक भाग आहे, पण हे बोलणं त्यात नाही.

संध्याकाळची फास्ट होती, दिवाळीनंतरची, खिडकी मिळालेली. ते बोलणं संपवून मान वर केली तर डोंबिवली मागे गेलेलं. कल्याणला उतरले, पूल चढून पलीकडे गेले आणि परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसून तेच पुन्हा वाचलं. घरी सांगितलं गाडी लेट होती.

माझी फुटपाथवरची प्रत मुलगी गेल्या वर्षी हॉस्टेलला घेऊन गेली. तिने मालिका बघितलेली नाही. गहाळ बत्तीस पानांची झेरॉक्स काढून मी योग्य जागी घालून दिली आहे, दोन ठिकाणी स्टेपल मारून.